फडातला पहिला बांध

आमच्या फडात बांध नव्हते. आता आहेत, आणि पहिला मी घातला. गावात हे अजून बोललं जातं, पाठीमागे आणि तोंडावरही. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते आहे. कुणाची समजूत काढायचा विचार नाही.

आधी जागा समजून घ्या. धुळ्याच्या पश्चिमेला, नदी डोंगरातून मोकळी होते त्या भागात, जुन्या लोकांनी नदीवर दगडी बंधारे घातलेले आहेत. बंधाऱ्यापाशी एक पाट निघतो. तो नदीला धरून, पण तिच्यापेक्षा उंचावरून गावापर्यंत येतो. पाट आणि नदी यांच्या मधल्या उतरत्या जमिनीला फड म्हणतात. आमच्या फडात वावरांचे लांब पट्टे एकाखाली एक आहेत, रुंद पायऱ्यांसारखे, पण उतार इतका सौम्य की डोळ्यांना सगळं सपाटच वाटावं. पाणी सर्वांत वरच्या पट्ट्यात सोडायचं. तो भिजला की ते आपसूक खालच्यात उतरायचं, मग त्याच्या खालच्यात, आणि उरलंसुरलं परत नदीला. म्हणून मधे बांध नाहीत, हद्दीला फक्त दगड रोवलेले. आणि म्हणूनच सगळ्या फडाला एकच पीक. गहू म्हटलं की सगळ्यांचा गहू, हरभरा म्हटलं की हरभरा. पाणी सगळ्यांच्या अंगावरून जाणार, तर एकाने ऊस लावून चालत नाही.

लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकात दोन वेगळे धडे होते. एकात निसर्गाने घडवलेलं भूदृश्य: डोंगर, नदी, माती, उतार. दुसऱ्यात माणसाने घडवलेलं: शेतं, रस्ते, कालवे, गावं. परीक्षेआधी तिची उत्तरं घेताना मी विचारलं, आपला फड कोणत्या धड्यात बसतो? तिने पुस्तक उलटं-पालटं केलं आणि म्हणाली, हा प्रश्न येत नाही. बरोबर आहे, येत नाही. उतार नदीने केला, पाट माणसांनी काढला, आणि एकाशिवाय दुसऱ्याला काही किंमत नाही. पुस्तकं हे दोन धडे वेगळे छापतात आणि लोकही वेगळेच समजतात. आमच्या गावाने नेमकी हीच चूक केली.

मी मूळची पाचोऱ्याकडची. माहेरी कपाशीची काळी जमीन, ज्याची त्याची विहीर, ज्याचा त्याचा बांध. बांध कोरला म्हणून दोन घरांत बोलणं बंद असणं ही तिथली रोजची गोष्ट. लग्नानंतर सासऱ्यांनी फड दाखवायला नेलं तेव्हा गव्हाची एक सलग चादर पाटापासून नदीपर्यंत पसरलेली होती. मी विचारलं, "आबा, यातलं आपलं कोणतं?"

"गहू काढाले येशी तवय कळी," आबा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

आबा गेल्यावर पट्टा माझ्याकडे आला. नवऱ्याची नोकरी धुळ्यात, घरही तिथेच, त्याला शेताची आवड नाही. मला आहे असंही नाही, पण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडलेलं मला चालत नाही. रविवारी सकाळी स्कूटर काढायची, आठवड्याच्या कामांची यादी पर्समध्ये, एकेक करत खोडत जायची. गावात त्या यादीची चेष्टा व्हायची. सर्वांत जास्त अक्का करायच्या.

अक्कांचा पट्टा आमच्या खाली, सर्वांत शेवटी, नदीच्या काठाला. त्यांच्या सासरच्या जुन्या माणसांना गावकीच्या कामाबद्दल तो मिळालेला. गावाने जमीन दिली तीही पुरात नदी घेऊन जाईल अशी. पण पूर नुसता नेत नाही, आणूनही टाकतो. अक्कांच्या पट्ट्यातली माती फडात सर्वांत चांगली होती आणि हे वरच्या लोकांना कधी सहन झालं नाही.

आमच्या लगेच वर नानांचा पट्टा. मोठं घर, मोठा आवाज, फडातल्या प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द त्यांचा.

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गावाजवळचा तलाव कोरडा पडला आणि त्यातला गाळ काढायचं ठरलं. गाळ फुकट, वाहून न्यायचा खर्च ज्याचा त्याचा. अख्खा जिल्हा तेव्हा गाळाच्या मागे लागला होता, आमचं गाव मागे कसं राहील? दिवसभर ट्रॅक्टर तलाव ते वावर, वावर ते तलाव. गाळ चांगलाच असतो, हलक्या जमिनीला तो टाकावाच. पाचोऱ्याला माझ्या भावानेही टाकला आणि त्याची कपाशी सुधारली. पण तिथे वावराला चारी बाजूंनी बांध आहे. वावर वीतभर उंच झालं तर त्याचं त्याला. आमच्या फडात एक वावर म्हणजे एका लांब उताराचा मधला तुकडा. तो उचलला की उतार तुटतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच उतारावर जगलेल्या लोकांना हे कळायला हवं होतं. कुणालाही सुचलं नाही. ट्रॅक्टर रस्त्याकडून येत होते, त्यामुळे गाळ वरच्या पट्ट्यांत पडला, आणि सगळ्यांत जास्त नानांच्या. आमच्या पट्ट्यापर्यंत ट्रॅक्टर उतरत नव्हता. अक्कांकडे तर नाहीच.

पावसाळा संपल्यावर नेहमीप्रमाणे पाट साफ करायचा दिवस ठरला. घरटी एक माणूस यायचा आणि गवत, गाळ, दगड काढायचा. जो माणूस पाठवणार नाही त्याला पाणी नाही, असा फडाचा नियम. मी माणूस न पाठवता स्वतः जाते. त्या दिवशी पाटात उभ्या उभ्या गहू ठरला. सगळे खुशीत होते. नाना गाळाचं कौतुक करत होते. माती हातात घेऊन हुंगून दाखवली.

गहू ओलीवर पेरला, उगवला चांगला. पहिलं पाणी द्यायची वेळ आली. पाटकऱ्याने, म्हणजे फडाने नेमलेल्या पाणी सोडणाऱ्या माणसाने, पाट फोडला. पाणी वरच्या पट्ट्यांत गेलं, नानांच्या पट्ट्यात गेलं आणि तिथेच राहिलं. नवा गाळ पाणी पीत होता, आणि जे पिऊन उरलं ते खाली उतरायला उतारच राहिला नव्हता. आमच्या बाजूला त्यांनी गाळ चांगला चोपून बसवला होता. मी हद्दीच्या दगडापाशी उभी होते. माझ्या पायाखाली भेगा आणि समोर हात लांब केला तर लागेल इतक्यावर चिखल.

नाना वरून आले. मी सरळ विचारलं, "नाना, आमच्याकडे पाणी कधी येणार?"

"मनं वावर भरू दे, मंग तुनंच शे."

"तुमचं भरून झालंय. उतरत नाहीये."

"सूनबाई, पानी काय मना सालदार शे का, मी सांगस तठे जावाले? त्याले वाटी तठे जाई."

"इतकी वर्षं त्याला आमच्याकडे यावंसं वाटत होतं. यंदा तुम्ही वावर उंच केलंत."

"तू बी कर. कोन नही म्हनस?"

पाटकरी तिथेच बिडी ओढत बसला होता. त्याला म्हटलं, भाऊ, तुम्ही काही बोला. तो म्हणाला, "मी पानी सोडस. सोडानं मनं काम. चालानं त्यानं काम." आणि दोघं हसले.

परतताना अक्का त्यांच्या वावरात खुरपत होत्या. त्यांच्याकडे तर थेंबही जाणार नव्हता, कारण त्यांच्या वर मी आणि मीच कोरडी. मान वर न करता म्हणाल्या, "तू बठ्ठं लिखी ठेवस माय. पानी तेवढं लिखानं ऱ्हाई गयं वाटस."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नानांचा फोन आला होता. पट्टा निमबटाईने मागतायत. त्यांनी कसायचा, निम्मं आपल्याला घरपोच." त्याला ते पटलेलं होतं. मी विचारलं, फोन कधी आला? दिवाळीच्या आधी. म्हणजे पेरणी व्हायच्याही आधी. नानांना पाणी अडणार हे कळलं होतं की नाही ते मी सांगू शकत नाही. पण पट्टा त्यांच्या नजरेत आधीपासून होता. नवऱ्याशी माझं एवढंच ठरलं: यंदाचा गहू आला तर पट्टा माझ्याकडे, नाही आला तर नानांकडे. बाकी चर्चा नाही.

पुढच्या रविवारी फडातल्या सगळ्यांना पाटाच्या तोंडाशी बोलावलं. मी दोन उपाय मांडले. एक, नानांच्या पट्ट्याच्या कडेने चारी काढायची आणि पाणी खाली आणायचं. दोन, पाटातून पाइप घ्यायचा आणि फडाच्या कडेच्या गाडवाटेखालून आमच्या पट्ट्यापर्यंत न्यायचा. खर्च माझा.

"चारी?" नाना म्हणाले. "मना वावरम्हातून? उद्या म्हनशी, घरम्हातून बी काढा."

हसले सगळे. वरच्या पट्ट्यांचे तर फार हसले.

पाइपाचं काय, मी विचारलं. तेव्हा एकदम सगळ्यांना नियम आठवला. पाटाला खाजगी तोंड पाडायचं नाही, वाडवडिलांनी ठरवलेलं आहे, आज तू पाडशील, उद्या दुसरा पाडेल, फड मोडेल. मी म्हटलं, "गाळ टाकताना कुणी फडाला विचारलं होतं? मला तरी आठवत नाही."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. मग नाना सावकाश म्हणाले, "गाळ मी मना वावरम्हा टाका. पाट बठ्ठास्ना शे."

माना हलल्या. वावर माझं, पाट सगळ्यांचा. ऐकायला किती स्वच्छ वाटतं. फडाची सगळी रचना याच्या उलट आहे, कुणाचंच वावर इथे निव्वळ त्याचं नाही, हे त्या माना हलवणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. नियम त्यांना पाठ होता, पण तो कशासाठी केला हे उताराबरोबर गाळाखाली गेलं होतं.

निघताना नाना जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाले, "कसाले दर रईवारनी तकलीफ लेस? तुना घरना मानूसले इचार. त्याले समजस."

मी स्कूटर सुरू केली. उत्तर यादीत लिहून झालं होतं: पाइप, जोड, खोदायला माणसं.

गावातलं कुणी खोदायला येईना. एकाने हो म्हटलं आणि सकाळी त्याला ताप आला, दुसऱ्याच्या घरी पाहुणे आले. शेवटी शिरपूरच्या वरच्या डोंगरातून मजुरीला आलेलं एक जोडपं मिळालं. त्यांना नाना कोण, मी कोण, काही देणंघेणं नव्हतं. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत गाडवाट खोदली. पाटाला भोक पाडताना पाटकरी येऊन उभा राहिला.

"बाई, हाई बरं नही."

"भाऊ, तुम्ही पाणी सोडा," मी म्हटलं. "सोडायचं तुमचं काम. चालायचं त्याचं."

तो गेला, बहुतेक नानांकडे. नाना आले नाहीत. लांब रस्त्यावर गाडीला टेकून पाहत राहिले.

पाणी आलं, पण पाइपाच्या तोंडाशी मोकळं सोडलेलं पाणी थांबेना. फडातल्या वावराला थांबायची सवयच नाही. माझ्या गव्हाला भिजवायच्या आत ते सरळ खाली, अक्कांच्या बाजूला पळत होतं. म्हणून त्याच जोडप्याकडून खालच्या हद्दीला मातीचा बांध घालून घेतला. आणि हात लागलेलाच होता म्हणून वरच्या हद्दीलाही घातला, गुडघ्याएवढा, चांगला तुडवून. मागताना आलं नाही ते पाणी नको असताना यायचं कारण नव्हतं. काम झालं तेव्हा बांधावर उभी राहिले. खूप वर्षांनी पायाखाली बांध होता. खरं सांगते, बरं वाटलं.

अक्का आल्या. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. खालच्या बांधात मी त्यांच्यासाठी एक बारं ठेवलं होतं, पाणी सोडायची वाट. तूर्त ते मातीने बंद होतं.

"अक्का, तुम्हाला पाणी मिळेल," मी म्हटलं. "माझं भरलं की लगेच बारं उघडते."

"नाना बी हाईच सांगे," अक्का म्हणाल्या. "म्हंजे मनासाठे आते नाना तूच व्हयनी."

मला राग आला. मी गावाशी भांडून पाणी आणलं होतं आणि ते त्यांनाही मिळणार होतं. तसं बोलून दाखवलं. अक्का म्हणाल्या, "मी कोठे नही म्हनस? मिळी. तू देशी तवय मिळी." आणि निघून गेल्या.

मी शब्द पाळला. दर पाळीला माझं भरलं की बारं उघडलं. त्यांचा गहूही उभा राहिला. माझ्या वावराने पाणी पिऊन घेतल्यावर त्यांना मिळायचं ते थोडं उशिराचं, थोडं कमी. पण मिळालं.

मग गहू ओंबीवर असताना अवकाळी पाऊस आला. फडाला पूर्वी त्याचं भय नव्हतं. आलेलं पाणी पट्ट्यांवरून घसरत नदीला जायचं. पाणी देणारा उतार तोच, जादा झालेलं काढून नेणाराही तोच. आता नानांच्या खाली माझा बांध होता. गाळाने भरलेली त्यांची जमीन आधीच पाणी धरून होती, त्यावर पावसाचं साचलं, चोपलेल्या कडेवरून उतू जाणारं माझ्या बांधाला अडलं, आणि वरच्या पट्ट्यांचंही तिथेच येऊन थांबलं. रविवारी गेले तेव्हा माझा गहू हिरवा होता आणि बांधापलीकडे नानांचा पिवळा पडायला लागला होता.

नाना बांधाशी उभे होते. त्या दिवशी हसत नव्हते.

"बांध फोड."

"नाना, वावर माझं आहे. बांध माझ्या वावरात आहे."

"पीक मरी ऱ्हायनं मनं."

"माझं मरत होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, पाणी सालदार नाही."

त्यांनी बांधाकडे पाहिलं. फावडं सोबत होतं, पण त्यांनी ते मारलं नाही. फडात दुसऱ्याच्या वावरात हत्यार घालायची रीत नव्हती, आणि ती एक रीत अजून शिल्लक होती. "तुना सासरा असता तर असं करता नही," ते म्हणाले.

"आबा होते तेव्हा तुमचं वावर इतकं उंच नव्हतं. कडेचा गाळ काढा, वावर होतं तसं करा. त्याच दिवशी बांध फोडते. वरचाही, खालचाही."

"सोना सारखा गाळ. काढीसन फेकू का?"

"मग राहू द्या."

ते उभे राहिले, मीही उभी राहिले. माझ्या मनात एकदा आलं की फोडावा. आडवा बांध, हातभर तुकडा काढला असता तरी पाणी वाट काढत खाली गेलं असतं. पण ते आधी माझ्या गव्हात शिरलं असतं, आणि पट्टा राहणार की जाणार ते त्या गव्हावर होतं. नाना फावडं खांद्यावर टाकून गेले. गाळ काढला नाही. मी बांध फोडला नाही.

गहू आला. नानांचा आला तो हलका, बारीक दाण्याचा. नवऱ्याने पोती पाहिली आणि निमबटाईचा विषय पुन्हा काढला नाही. पट्टा माझ्याकडे राहिला.

पुढच्या हंगामात नानांनी त्यांच्या वरच्या हद्दीला बांध घातला, वरचं पाणी आपल्यात येऊ नये म्हणून. मग त्यांच्या वरच्याने घातला. एकाने पाटाला आणखी एक तोंड पाडलं आणि अडवायला कुणाकडे तोंड नव्हतं. एकाने विहीर खणली आणि ऊस लावला. दिवाळीच्या सुमारास पाट साफ करायला मोजकेच लोक येतात. पाटकऱ्याचं काम संपलं, तो धुळ्याला कुठेतरी वॉचमन आहे. रस्त्यावरून पाहिलं की आता हिरवे, पिवळे, मातकट तुकडे दिसतात. मला ओळखीचं वाटतं, पाचोऱ्याला असंच दिसतं. आपलं कुठे संपतं हे कळायला आता गहू काढायची वाट पाहावी लागत नाही.

अक्कांनी त्यांच्या लेकाला सांगून नदीवर मोटर बसवली आहे. नदीला पाणी असतं तोवर ती चालते. उन्हाळ्याच्या तोंडाला इथली नदी आटते, बंधाऱ्यात साचलेलं तेवढं पाटाने येत राहतं, आणि तेव्हा त्यांची भाजी वाळते. अशा वेळी माझं भरून झालं की मी खालच्या बांधातलं बारं माझ्या बाजूने उघडते, ठरल्याप्रमाणे. पाणी तिथपर्यंत जातं आणि साचून राहतं. त्यांच्या बाजूने अक्कांनी ते बारं दगड लावून बुजवलेलं आहे.